एवढ्या लांब कशाला गेले ते?

रविवारी सकाळी दहा वाजता परळच्या एका जुन्या शाळेत माझा पालीचा, म्हणजे बुद्धवचनं जिच्यात जपली गेली त्या भाषेचा, वर्ग भरतो. खोली पहिल्या मजल्यावरची, बाकं चौथीतल्या मुलांच्या मापाची. मोठी माणसं त्यांत गुडघे आवळून बसतात. बहुतेक जण साठीच्या आसपासचे. एक निवृत्त मोटरमन आहेत, दोघे पोस्टातले, एक बाई बँकेतल्या आणि कल्याणहून येणाऱ्या एक मावशी. मावशींनी दवाखान्यात आया म्हणून पस्तीस वर्षं काढली. लिहिणं-वाचणं जेमतेम होतं, ते त्यांनी नातवाच्या शेजारी बसून वाढवलं. वही त्याचीच, मागची उरलेली पानं वापरतात.

गेल्या पावसाळ्यात पंचशील घेतलं. तसं ते वर्गातल्या प्रत्येकाला पाठ होतं. लग्न असो, बारसं असो, जलदान असो, म्हटलंच जातं. मी पहिली ओळ फळ्यावर सुटी करून लिहिली. पाण, अतिपाता, वेरमणी, सिक्खापदं, समादियामि. पाण म्हणजे प्राण. अतिपात म्हणजे घात. वेरमणी म्हणजे त्यापासून दूर राहणं. सिक्खा म्हणजे आपलं शिकणं, त्याच मुळातलं. समादियामि म्हणजे घेतो, घेते. पालीतल्या क्रियापदाला बाई-पुरुष माहीत नाही.

मावशी खूप वेळ फळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे मॅडम, मी जीव मारणार नाही अशी शपथ नाहीये ती. जीव न मारायचं शिकायचं मी घेते, असं आहे.’’

मी म्हटलं, ‘‘अगदी तसंच आहे.’’

‘‘पन्नास वर्षं म्हणतेय. कुणी फोडून सांगितलंच नाही.’’

त्या दिवशी मी टेबलावर ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची देवनागरी प्रत ठेवली होती, 1940 साली भारतीय विद्या भवनानं छापलेली. वर्ग सुटताना मावशींनी ती हातात घेतली, पहिल्या पानावरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं, ‘‘धर्मानंद कोसंबी.’’ मी थोडक्यात सांगितलं, गोव्याचे होते, पाली शिकायला आधी काशीला गेले, मग नेपाळात, मग सिलोनला, ब्रह्मदेशात. पुढे अमेरिकेत जाऊन शिकवलं. मावशींनी विचारलं, ‘‘एवढ्या लांब कशाला गेले ते? इथं नव्हतं का कुणी शिकवणारं?’’

नव्हतं. मी एवढंच म्हणाले, कारण त्यांची गाडी चुकत होती. पण तेव्हापासून तो प्रश्न माझ्याबरोबर हिंडतोय. मी वीस वर्षं हा विषय शिकवते आणि कोसंबींचं आयुष्य मला पाठ आहे असं समजून चालले होते. मावशींच्या तोंडून आल्यावर कळलं, त्यांच्या आयुष्यातला सगळा प्रवास या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी झालेला आहे. पुढच्या कुणाला एवढं लांब जावं लागू नये, म्हणून ते गेले.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 चा, गोव्यातल्या साखवाळचा. पोर्तुगिजांचं राज्य, नारळाची बागायत, प्रकृती नाजूक. शाळा म्हणावी अशी फार मिळालीच नाही. हाताला लागतील ती मराठी पुस्तकं आणि मासिकं हीच शाळा. लग्न लहानपणीच झालं. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाविषयी लेख वाचला आणि मनानं तिथंच घर केलं. मुलांसाठी चार पानं लिहिणाऱ्याला कल्पनाही नसते की ती कुणाच्या हातात पडणार आहेत. मी स्वतः लहान मुलांच्या मासिकात अधूनमधून लिहिते, तेव्हा ही गोष्ट आठवून एकेक वाक्य दोनदा वाचते.

1899 सरता सरता त्यांनी घर सोडलं. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची गाठ घेतली. बुद्ध समजून घ्यायचा तर आधी संस्कृत हवं, म्हणून ग्वाल्हेर करत काशी गाठली. तिथं अन्नछत्रात एक वेळ जेवायचं आणि शास्त्र्यांपुढे बसून व्याकरण घोकायचं. पण काशीत बुद्धाचं नाव काढणारं कुणी नव्हतं. सारनाथ हाकेच्या अंतरावर असून नव्हतं. नेपाळात बौद्ध धर्म टिकून आहे असं कानावर आलं म्हणून पायी काठमांडूला गेले. जे पाहिलं त्यानं निराशाच पदरी आली. तिथून बुद्धगया, कलकत्ता, मद्रास आणि 1902 मध्ये कोलंबो. विद्योदय विद्यालयात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांच्या पायाशी पाली सुरू झाली, घर सोडल्यावर दोन-अडीच वर्षांनी.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी वर्गात सांगितली की लोकांना धक्का बसतो. पाली आपल्या भूमीवरची भाषा. हत्थ म्हणजे हात, दुद्ध म्हणजे दूध, ओट्ठ म्हणजे ओठ, कम्म म्हणजे काम. पहिल्या तासाला मी नुसते असे शब्द लिहिते आणि वर्ग आपोआप मराठी सांगत जातो, कुणाला काही समजावावं लागत नाही. पण ही भाषा वाचायची तर कोसंबींना सिंहली लिपी शिकावी लागली, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांची गोल गोल लिपी शिकावी लागली. युरोपातल्या पंडितांनी ग्रंथ छापले होते ते रोमन अक्षरांत. देवनागरी वाचणाऱ्याच्या हाती द्यावं असं जवळजवळ काहीच नव्हतं. आपल्याच आजीचं पत्र शेजाऱ्याकडून वाचून घ्यावं तशी गत.

ते सिलोनमध्ये श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू झाले, ब्रह्मदेशात भिक्षू झाले. परत येऊन हातात पात्र घेऊन बुद्धाच्या वाटांवरून पायी हिंडले. कलकत्त्यात पालीचे अध्यापक झाले. आणि मग तो निर्णय आला, ज्याच्यापाशी मी प्रत्येक वेळी थांबते.

बडोद्याच्या सयाजीरावांनी त्यांना देऊ केलं की महिना 50 रुपये मिळतील, राहा महाराष्ट्रात कुठंही, मात्र वर्षाला एक पुस्तक लिहून द्या. कलकत्त्यात विद्यापीठाची नोकरी होती, मान होता, पगार याहून कितीतरी अधिक होता. कोसंबींनी 50 रुपये घेतले. कारण कलकत्त्यात शिकवायला उद्या दुसरं कुणी मिळालं असतं. मराठीत सांगायला त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पाली यावी म्हणून त्यांनी भांडारकरांकडे लकडा लावला आणि ती आली. आज माझ्या वर्गातला मोटरमन परीक्षेचा अर्ज भरतो, त्या अर्जाच्या मुळाशी ही खटपट आहे.

अमेरिकेला ते पहिल्यांदा गेले 1910 साली. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वूड्स यांच्याशी ओळख झाली होती. त्यांच्याकडून बोलावणं आलं ते ‘विसुद्धिमग्ग’च्या कामासाठी. बुद्धघोषाचा हा मोठा ग्रंथ हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानानं संपादायला घेतला होता. वॉरनची कहाणी वेगळीच. लहानपणी गाडीतून पडून कणा दुखावला, तो जन्मभर. फारसं हिंडणं-फिरणं शक्य नव्हतं. घरी बसून या माणसानं ब्रह्मी आणि सिंहली पोथ्या ताडून बघितल्या, आणि 1899 च्या जानेवारीत, चव्वेचाळिसाव्या वर्षी काम अर्धं टाकून तो गेला. त्याच वर्षाच्या अखेरीला साखवाळचा एक तरुण घराबाहेर पडला. एकाला घर सुटलं नाही, एकाला घर धरता आलं नाही आणि काम दोघांचं एकच. हे काम पुरं व्हायला धर्मानंदांना अमेरिकेच्या चार फेऱ्या कराव्या लागल्या. पहिल्या खेपेला हार्वर्डचेच प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयावरून खटका उडाला आणि ते 1912 मध्ये काम तसंच सोडून परतले. 1918 ला पुन्हा गेले, 1926 ला गेले, 1931 ला गेले. हार्वर्डची ती आवृत्ती छापून आली 1950 साली. पहिल्या पानावर वॉरनचं नाव आहे आणि कोसंबींचंही. दोघांपैकी कुणालाच ते पान बघायला मिळालं नाही.

पण मला अमेरिकेहून फर्ग्युसनची वर्षं मोठी वाटतात. 1912 ते 1918. हार्वर्डहून आलेल्या माणसानं पुण्यात बसून कॉलेजातल्या मुलांना पालीची विभक्ती-प्रत्यय शिकवले. त्या मुलांत पु. वि. बापट होते, चि. वि. राजवाडे होते, ना. के. भागवत होते. राजवाड्यांनी दीघनिकाय, म्हणजे बुद्धाच्या लांब सुत्तांचा संग्रह, मराठीत आणायला घेतला. भागवतांनी मुंबईत सेंट झेवियर्समध्ये पाली शिकवली. बापटांनी पुढे हार्वर्डलाच जाऊन विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग या दोन ग्रंथांची तुलना केली आणि बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीला, 1956 साली, भारत सरकारनं काढलेल्या ग्रंथाचं संपादन केलं. माझे शिक्षक बापटांच्या विद्यार्थ्यांकडे शिकलेले. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा पोस्टातले काका बोटं मोजायला लागले. कोसंबी, बापट, त्यांचे विद्यार्थी, तुमचे सर, तुम्ही, आम्ही. ‘‘सहावे आम्ही,’’ म्हणाले, आणि उगीचच ताठ बसले.

आता जे मला सोपं जात नाही ते.

धर्मानंदांनी घर सोडलं तेव्हा त्यांच्या पत्नी बाळाबाई तरुण होत्या, पदरी तान्ही मुलगी होती, माणिक. जवळपास सात वर्षं त्या मुलीनं बाप पाहिला नाही. धर्मानंदांनी ‘निवेदन’ हे आत्मचरित्र लिहिलं, 1924 साली ते पुस्तकरूपानं आलं. त्यात ते स्वतःला पाठीशी घालत नाहीत, पण बाळाबाईंच्या बाजूनंही फार काही सांगत नाहीत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा विशीत होते आणि त्या मोठ्या प्रवासानं दिपून गेले होते. चाळिशीत वाचलं तेव्हा माझी मुलगी तापानं फणफणली होती, नवरा कामासाठी दिल्लीला होता, आणि मी रात्रभर पट्ट्या बदलत मधे मधे पुस्तक उघडत होते. त्या रात्री मला कोलंबोपेक्षा बाळाबाईंचं चिखलीचं माहेरघर जास्त दिसत होतं. नवरा भिक्षू झाल्याचं त्या बाईला कधी कळलं असेल, कुणी सांगितलं असेल, आणि त्या दिवशी तिनं चूल पेटवली असेल का, हेच पुन्हा पुन्हा मनात येत होतं.

धर्मानंद भिक्षूपण सोडून संसारात परतले. 1907 च्या जुलैत मुलगा झाला. तो दामोदर, म्हणजे पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झालेले दा. ध. कोसंबी. 1918 ला त्यांनी माणिक आणि दामोदर दोघांनाही बरोबर अमेरिकेला नेलं. माणिक तिथं शिकून 1922 मध्ये पदवीधर झाल्या. ज्या मुलीला तान्ही सोडली तिलाच समुद्रापलीकडे शिकायला घेऊन गेले, याचं मला बरं वाटतं. बाळाबाई मात्र धाकट्या मुलींना घेऊन मागेच राहिल्या. या बाजूनं बघितलं की हिशेब जुळत नाही, आणि मी तो जुळवून दाखवणार नाही.

फक्त एक नोंद करते. ‘भगवान बुद्ध’ या पुस्तकात कोसंबींनी गृहत्यागाची नेहमीची गोष्ट मोडून काढली आहे. मध्यरात्री झोपलेल्या बायकोकडे एकवार बघून गुपचूप निघालेला सिद्धार्थ त्यांना पटला नाही. त्यांनी अरियपरियेसन सुत्त या पाली प्रवचनाचा आधार घेतला. तिथं बुद्ध स्वतः सांगतात की आईबाप नको म्हणत होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते समोर रडत असताना मी केस-दाढी काढून घर सोडलं. म्हणजे पळून नव्हे, सगळ्यांदेखत. आणि का सोडलं? म्हातारा, आजारी, प्रेत दिसलं म्हणून नव्हे. आटत्या पाण्यातल्या माशांसारखी माणसं एकमेकांवर तडफडताना पाहिली, हातात शस्त्रं घेऊन भांडताना पाहिली, म्हणून. त्यांच्या ‘बोधिसत्त्व’ नाटकातही शाक्य, म्हणजे बुद्धाचं कूळ, आणि शेजारचे कोलिय यांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला तंटा आहे. हाच तंटा पुढे डॉ. आंबेडकरांच्या बुद्धचरित्रात गृहत्यागाच्या केंद्राशी येतो. मावशींना मी हे सांगितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘पाण्यावरून भांडण म्हटल्यावर आम्हाला कशाला समजावताय मॅडम. आमच्या आईनं महाडची गोष्ट सांगूनच वाढवलंय.’’

रडणाऱ्या आईबापांची ती ओळ संपादताना, भाषांतर करताना, शिकवताना धर्मानंदांच्या मनात साखवाळचा उंबरा आला असेल का, हे मी मनाशी विचारते.

अभ्यासकानं ग्रंथांत राहावं असं त्यांना कधीच वाटलं नाही. 1922 पासून तीन वर्षं ते गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात शिकवत होते. 1929 ला लेनिनग्राडला जाऊन आले, तिथली समाजरचना डोळ्यांनी पाहून आले. आल्यावर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. त्रेपन्न वर्षांचा हा पंडित शिरोड्याच्या मिठागरांवर गेला, विलेपार्ल्याच्या छावणीत राहिला, तुरुंगात गेला. शिरोड्याहून तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. एवढं जग हिंडून सत्याग्रहाला उभे राहिले ते घरापासून काही कोसांवर.

आणि नंतर परळ. गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणाऱ्या वस्तीत, 1937 च्या सुमारास, जुगलकिशोर बिर्लांच्या देणगीतून त्यांनी ‘बहुजनविहार’ उभा केला. नाव त्यांनीच दिलं, बुद्धाच्या ‘बहुजनहिताय’ मधलं. कामगारांनी, अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्या माणसांनी यावं, बसावं, ऐकावं. हार्वर्डात शिकवलेलं परळमध्ये सांगायला त्यांना कमीपणा वाटला नाही. मी रविवारी परळ स्टेशनच्या पुलावरून उतरते तेव्हा समोर काचेचे टॉवर दिसतात. गिरण्यांची धुराडी एक-दोनच राहिलीत, तीही शोभेला. पण माझ्या वर्गातल्या मोटरमन काकांचे वडील इथल्याच गिरणीत साच्यावर होते.

दोन वर्षांपूर्वी साखवाळला जाऊन आले. वास्कोच्या बसमधून उतरले. झुआरीचं रुंद पात्र, सतराव्या शतकातल्या चर्चची उरलेली एकटी दर्शनी भिंत, खताचा कारखाना, आणि टेकडीवर बिट्स पिलानीचं भलं मोठं आवार. पाठीला बॅगा लावलेली मुलंमुली देशभरातून तिथं शिकायला आलेली. एका तरुण मुलाला शिकण्यासाठी जिथून बाहेर पडावं लागलं, तिथं आता बाहेरून मुलं येतात. मी फाटकाशी असलेल्या गाड्यावर चहा घेतला आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. फार बरं वाटलं.

अखेरच्या वर्षांत मधुमेह होता, अंगभर खाज सुटायची, झोप नव्हती. आपल्या हातून आता कुणाचं काम होत नाही, उलट दुसऱ्यांना करावं लागतं, हे त्यांना सोसेना. 1946 मध्ये त्यांनी अन्न सोडायचं ठरवलं. गांधीजींनी परोपरीनं सांगितल्यावर उपास सोडला, पण प्रकृती सावरली नाही. शेवटी सेवाग्रामच्या आश्रमात पुन्हा अन्न थांबवलं. 4 जून 1947 ला गेले. स्वातंत्र्याला अडीच महिने होते, फाळणीची घोषणा आदल्याच दिवशी झालेली. त्या गदारोळात दुसऱ्या दिवशीच्या दिल्लीतल्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांची आठवण काढली. नागपूरला दीक्षाभूमीवर लाखोंनी पंचशील म्हटलं ते नऊ वर्षांनी. ते ऐकायला ते हवे होते, असं मला मनापासून वाटतं.

परवाच्या रविवारी मावशी वर्ग सुरू व्हायच्या आधीच येऊन बसल्या होत्या. पिशवीतून रुमालात गुंडाळलेली वंदनेची पुस्तिका काढली. कडा दुमडलेल्या, पान पान हळदीच्या बोटांचं. सासूची होती म्हणाल्या. पहिल्या शीलाच्या प्रत्येक शब्दावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात अर्थ लिहिलेला. दुसऱ्या ओळीला अडल्या होत्या.

‘‘अदिन्नादाना. हे कसं फोडायचं?’’

मी त्यांच्या वहीत लिहिलं : अ, दिन्न, आदाना.

‘‘दिन्न म्हणजे दिलेलं ना? अ म्हणजे नाही. न दिलेलं.’’ थोडं थांबून, ‘‘आदान म्हणजे घेणं. आदानप्रदानातलं.’’

‘‘बरोबर.’’

‘‘मग चोरी हा शब्दच नाही इथं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘दिलेलं नाही ते घ्यायचं नाही, एवढंच म्हणतंय.’’ त्यांनी जिभेला पेन्सिलीचं टोक लावलं, ‘दिन्न’वर ‘दिलेलं’ असं लिहिलं, आणि पान उलटून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.